‘डिलिव्हर्ड’ म्हणजे कुणाच्या हातात?

वाचकांचे प्रश्न : घरपोच पार्सल

या महिन्यात नाशिक आणि आसपासच्या पत्रांमध्ये पार्सलच्या तक्रारी इतक्या आल्या, की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. कंपन्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण दुखणे एकाच कंपनीचे नाही.

तीन दिवस ट्रॅकिंगवर ‘ग्राहक घरी नाही’ असे येत होते. आम्ही तिन्ही दिवस घरात होतो, फोनही आला नाही. चौथ्या दिवशी ‘आरटीओ’ लिहून आले. हे काय प्रकरण आहे? थांबवता येते का? (पवननगर, सिडको)

पेठ रोडवरच्या आरटीओशी याचा काही संबंध नाही. इथे आरटीओ म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, पार्सल विकणाऱ्याकडे परत निघाले. बहुतेक कंपन्या तीन प्रयत्न मोजतात आणि मग परतीचा शिक्का मारतात. एकदा पार्सल परतीच्या बॅगेत सील झाले, की मधल्या हबवर, म्हणजे माल वेगळा करून पुढे पाठवण्याच्या केंद्रावर, ती बॅग कोणी उघडत नाही. म्हणून जे करायचे ते पहिल्या खोट्या नोंदीच्या संध्याकाळीच करावे लागते.

नोंद खोटी का पडते ते समजून घ्या. सकाळी हबची गाडी ब्रँचला येते, माल पिनकोड आणि बीटप्रमाणे (वाटपाच्या भागाप्रमाणे) वेगळा होतो आणि प्रत्येक डिलिव्हरी बॉयच्या नावावर रनशीट, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांची यादी, निघते. रात्री शीट बंद करताना प्रत्येक पार्सलसमोर काहीतरी कारण टाकावेच लागते. वेळ संपली, गल्ली सापडली नाही, पाऊस आला, काहीही झाले असो, यादीतले सगळ्यात बिनधोक कारण ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हेच. त्यात दोष ग्राहकाकडे जातो. बहुतेक मुलांना पैसे पोचवलेल्या नगावर मिळतात, त्यामुळे एका अवघड पत्त्यामागे अर्धा तास घालवणे त्यांना परवडत नाही. मुलाची बाजू ही अशी आहे, पण तुमचे पार्सल त्यामुळे परत जावे असे नाही.

त्याच रात्री तीन गोष्टी करा. ट्रॅकिंगच्या पानावर किंवा आलेल्या मेसेजमध्ये ‘पुन्हा पाठवा’चा पर्याय असतो, तो वापरून दुसऱ्या दिवसाची वेळ आणि एक जादा मोबाईल नंबर द्या. ज्या ॲपवरून वस्तू घेतली तिथे लेखी तक्रार करा आणि त्यात ‘खोटा प्रयत्न, कॉल आलेला नाही’ हे शब्द लिहा. डिलिव्हरीचे कॉल बहुधा कंपनीच्या ॲपमधून, नंबर झाकून जातात, त्यामुळे कॉल लागला की नाही याची नोंद त्यांच्याकडे असते. तुमच्या फोनच्या कॉल यादीचा स्क्रीनशॉटही जोडा. तिसरे म्हणजे ब्रँचला फोन करून ‘सेल्फ कलेक्ट’ मागा. ते मान्य झाले तर ट्रॅकिंग नंबर आणि ओळखपत्र घेऊन सकाळी माल वाटपाला निघण्याआधी जा, नाहीतर रात्री मुले परतल्यावर. दुपारी गेलात तर पार्सल कुणाच्या तरी बॅगेत शहरभर फिरत असते.

आता पत्ता. सिडकोत सहा स्कीम आहेत, ‘एन’ने सुरू होणारे घरक्रमांक आहेत आणि त्यापुढे अक्षरे-आकड्यांची माळ. रोज बदलणाऱ्या नव्या मुलाला ती माळ वाचता येत नाही. फक्त ‘शिवाजीनगर, नाशिक’ लिहिले तर सातपूरकडचे की जेलरोडचे, हे कसे कळणार? म्हणून पहिल्या ओळीत घरक्रमांक, मजला आणि दारावरचे नाव लिहा, दुसऱ्या ओळीत गल्ली आणि चौक, तिसऱ्या ओळीत उपनगर. खुणेच्या रकान्यात एकच पक्की खूण द्या, जी रस्त्यावरून दिसते आणि वर्षभर जागची हलत नाही. मंदिर, शाळा, पाण्याची टाकी चालते. ‘वडापावच्या गाडीसमोर’ चालत नाही. ॲपमध्ये नकाशावरची टाचणी स्वतः बोटाने आपल्या गेटवर आणून ठेवा. ती आपोआप पडते तेव्हा बऱ्याचदा मागच्या गल्लीत पडते, आणि मुलगा पत्ता वाचत नाही, टाचणीमागे जातो.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. दहा अक्षर-अंकांचा हा संकेत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. तो पत्त्याच्या शेवटी जरूर लिहा, पण पिनकोडच्या जागी लिहू नका. पार्सलांची छाटणी, म्हणजे कुठले कुठे जायचे ते वेगळे करणे, अजून पिनकोडवरच होते.

पत्ता बरोबर असून पार्सल आधी नाशिकला, मग नाशिकरोडला, परत नाशिकला फिरले. दोन दिवस गेले. (जेलरोड)

एक आकडा तपासा. नाशिक मुख्य टपाल कार्यालयाचा पिन ४२२००१, नाशिकरोडचा ४२२१०१, सिन्नरचा ४२२१०३. फॉर्म भरताना शून्य आणि एकची अदलाबदल सहज होते. छाटणीच्या पट्ट्यावर यंत्र फक्त पिन बघते, खालचे ‘जेलरोड’ कोणी वाचत नाही. चुकीच्या ब्रँचला गेल्यावरच माणूस पत्ता वाचतो, ‘मिसरूट’ (चुकीच्या वाटेने आले) अशी नोंद टाकतो आणि पार्सल पुन्हा हबला जाते. देवळालीचेही तसेच. देवळाली कॅम्प ४२२४०१, पण देवळाली गाव नाशिकरोडच्या पोटात. जिल्ह्यात ४२३ ने सुरू होणारेही पिन आहेत (येवला ४२३४०१, मालेगाव ४२३२०३), त्यामुळे ‘नाशिक म्हणजे ४२२’ असे धरून भरू नका. पिन शेजाऱ्याला न विचारता टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहा आणि ॲपमधला जुना साठवलेला पत्ता पुसून टाका. चूक बहुतेक वेळा तिथे लपलेली असते.

ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’, पण घरात कोणालाच काही मिळालेले नाही. कुरिअरवाले म्हणतात, आमच्याकडून विषय संपला. (इंदिरानगर)

संपलेला नाही. आधी अर्धा तास घरच्या घरी द्या : वॉचमन, सोसायटीचे ऑफिस, खालचे किराणा दुकान, शेजारी, मीटरबॉक्समागची जागा. बऱ्याच वेळा मुलगा वॉचमनकडे पार्सल टाकून पुढे जातो आणि वॉचमनची पाळी बदलते. सोसायटीच्या गेटवर पार्सलसाठी वही असेल तर तिथली वेळ आणि सही बघा. वही नसेल तर सभेत हा विषय काढा. तारीख, फ्लॅट, कंपनी, नग, घेणाऱ्याची सही एवढे पाच रकाने पुरतात.

तिथेही नसेल तर ‘पीओडी’ मागा, म्हणजे पोचल्याचा पुरावा. त्यात किमान एक गोष्ट असते : सही, फोटो, ओटीपीची नोंद किंवा ‘डिलिव्हर्ड’ दाबले तेव्हाचे फोनचे ठिकाण. सही तुमची नसेल, फोटोतला दरवाजा तुमचा नसेल, ठिकाण दुसऱ्या गल्लीतले असेल तर तक्रारीत नेमके तेच लिहा. ‘पार्सल मिळाले नाही’ या वाक्याला ठरलेले उत्तर येते. ‘पीओडीतला दरवाजा लोखंडी जाळीचा आहे, आमचा लाकडी आहे’ या वाक्याला कोणीतरी फाईल उघडून बघावे लागते.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. पैसे कुणाकडे मागायचे? तुम्ही वस्तू मागवली असेल तर कुरिअरचा ग्राहक तुम्ही नसून विकणारा आहे. करार त्या दोघांचा. कुरिअरकडून माहिती मिळवा, पण परतावा विकणाऱ्याकडे आणि ज्या ॲपवर घेतले त्याच्याकडे मागा. त्यांनी कुरिअरकडून वसूल करणे ही त्यांची आपसातली गोष्ट. ‘आधी कुरिअरशी बोला’ असे सांगून तुम्हाला फिरवत ठेवले, तर तक्रार नोंदवण्याची मुदत निघून जाते. कित्येक ॲपवर ‘न मिळाल्याची’ तक्रार मोजक्या दिवसांतच घेतली जाते, म्हणून ‘डिलिव्हर्ड’ दिसले त्याच दिवशी नोंदवा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. त्याचे नाव आणि संपर्क ॲपवरच असावा लागतो, बहुधा अगदी तळाशी बारीक अक्षरात. चॅटवरच्या यंत्राशी भांडत बसण्यापेक्षा त्या ईमेलवर लिहा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येते. ऑर्डर क्रमांक, ट्रॅकिंग क्रमांक, रक्कम आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक हाताशी ठेवूनच फोन लावा.

त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येते आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते. विकणारा गुरुग्रामचा असला तरी तुम्हाला नाशिक सोडावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची. आठशे रुपयांच्या चपलांसाठी कोणी जाणार नाही हे खरे, पण मोबाईल किंवा लॅपटॉप असेल तर जरूर जावे.

मोबाईल मागवला आणि डब्यात साबणाच्या वड्या निघाल्या, अशा बातम्या वाचतो. आधीच काय काळजी घ्यावी? (गंगापूर रोड)

‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ मिळत असेल तर तीच निवडा. मुलाने तुमच्यासमोर डबा उघडायचा, तुम्ही वस्तू बघायची आणि मगच ओटीपी सांगायचा. ओटीपी म्हणजे तुमची सही. डबा उघडण्याआधी दिला तर ओपन बॉक्सचा उपयोग शून्य.

ती सोय नसेल तर आधी वजन. लेबलवर बहुधा वजन छापलेले असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पार्सल ठेवा. शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक मापाच्या पद्धतीने पडू शकतो, त्याहून मोठा पडला तर सावध व्हा आणि ती तफावत व्हिडिओत येऊ द्या. साबणवाले वजन जुळवूनच घालतात, म्हणून वजन जुळले तरी व्हिडिओ काढाच. तो सलग हवा. सुरुवातीला लेबलवरचा ट्रॅकिंग क्रमांक वाचता येईल एवढा जवळून, मग सहाही बाजू आणि टेपचे जोड, मग कापणे, मग वस्तू आणि मोबाईलचा आयएमईआय (ओळख) क्रमांक. मध्ये कट नको, फोन खाली ठेवू नका, कोणीतरी दुसऱ्याने धरावा. टेपवर टेप दिसली किंवा एका कडेला वेगळ्या रंगाची टेप असली, तर उघडण्याआधी मुलासमोरच फोटो घ्या. घेण्यास नकार दिला तरी चालतो, आणि नाकारलेल्या पार्सलचा परतावा उघडलेल्या पार्सलपेक्षा सोपा जातो.

आमचे वडील घरी एकटे असतात. कोणीतरी ६९९ रुपयांचे सीओडी (दारात पैसे देऊन घ्यायचे) पार्सल देऊन गेला, आम्ही मागवलेच नव्हते. (म्हसरूळ)

लेबलवरून फुटलेला पत्ता आणि फोन नंबर वापरून अशी पार्सले मुद्दाम पाठवली जातात, किंमत मुद्दाम हजाराच्या आत ठेवून. पोचवणारा मुलगा बहुधा निर्दोष असतो. लेबलवर विकणाऱ्याचे नाव आणि परतीचा पत्ता असतो. त्याचा फोटो काढून कुरिअरकडे आणि १९१५ वर नोंदवा. घरात एकच नियम ठेवा : फोनवर विचारल्याशिवाय सीओडीला पैसे द्यायचे नाहीत. आणि रिकामी खोकी टाकताना लेबल फाडून पाण्यात भिजवा, नंबर भंगारात जाऊ देऊ नका.

सीओडीला क्यूआरवर पैसे गेले, मुलगा म्हणतो आले नाहीत. पुन्हा रोख घेतले. (सातपूर)

पुन्हा द्यायला नको होते. खात्यातून पैसे वजा झाले आणि दुकानदाराच्या बाजूला खात्री आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयमध्ये ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. तक्रार यूपीआय ॲपमधून, व्यवहार क्रमांकासह करा. पण क्यूआर मुलाच्या खासगी खात्याचा असेल आणि पैसे तिथे पोचले असतील तर हा नियम लागू होत नाही. म्हणून स्कॅन केल्यावर नाव वाचा. कंपनीचे नाव दिसले नाही तर पैसे पाठवू नका.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना घरचा चिवडा पाठवते. दोन किलोचे पार्सल, पण कुरिअर साडेचार किलोचे पैसे घेतो. लूट आहे का? (पंचवटी)

लूट नाही, भूमिती आहे. कुरिअरवाले खरे वजन आणि आकारमानी वजन, यातले जे जास्त त्याचे पैसे लावतात, कारण गाडी किलोने भरत नाही, जागेने भरते. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची. काही कंपन्या ४५०० किंवा ४००० ने भागतात, ते आधी विचारून घ्या. तुमचा डबा समजा ३५ × २५ × २५ आहे. गुणाकार २१,८७५, भागिले ५०००, म्हणजे ४.३७५ किलो. पुढच्या अर्ध्या किलोवर नेले की साडेचार. चिवडा म्हणजे हवाच, तो या हिशेबात नेहमी मार खाणार.

तोच माल ३० × २२ × २० च्या डब्यात बसवला तर १३,२०० भागिले ५००० म्हणजे २.६४, आकारणी तीन किलोची. दीड किलोचे पैसे नुसते खोके बदलून वाचले. त्यातही चिवडा आणि डबा मिळून अडीच किलो भरला, तर उरलेल्या अर्ध्या किलोचे पैसे तुम्ही भरलेलेच आहेत. तिथे बेदाणे किंवा लाडू घाला, ते फुकट जातात. जड ते खाली, चिवडा वर. उलट केले तर पलीकडे चिवड्याचा भुगा उघडतो.

डबा ठासून फुगवू नका. माप बाहेरून, फुगलेल्या जागी घेतले जाते. तिन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर फुगला तर ३२ × २४ × २२, म्हणजे ३.३८, आणि आकारणी साडेतीनची.

पॅकिंगसाठी तीन पदरी पन्हळी खोके पुरते. दहा किलोच्या पुढे किंवा काच-पितळ असेल तर पाच पदरी. चिवडा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जाड पाऊचमध्ये, तोंड गरम पट्टीने बंद करून. हवा पूर्ण दाबून काढू नका, थोडी राहिली तर पोहे मोडत नाहीत. पावसाळ्यात खोक्याच्या आत सगळ्याला मिळून एक प्लास्टिकची पिशवी घाला. पार्सल ब्रँचच्या ओल्या फरशीवर बसते तेव्हा पाणी खालून चढते. दोन इंची टेप मधल्या जोडावर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर लावा, इंग्रजी एच दिसला पाहिजे. लेबल सपाट बाजूवर, जोडावर नको. जुन्या खोक्यावरचे जुने बारकोड खरवडून काढा, नाहीतर यंत्र तेच वाचते. आत एका चिठ्ठीवर दोन्ही पत्ते आणि फोन लिहून ठेवा. लेबल निघून गेले तर पार्सलची ओळख तेवढीच उरते.

येवल्याची पैठणी पाठवायची आहे, किंमत मोठी. विमा घ्यावा का? पावतीमागे तर लिहिलेय ‘जबाबदारी १०० रुपयांपर्यंत’. (कॉलेज रोड)

घ्यावा. सही केलेल्या पावतीवरची मर्यादा पाठवणाऱ्याला बांधते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात म्हटले आहे, त्यामुळे ‘वाचले नव्हते’ हे चालत नाही. किंमत जाहीर करून विमा घेतला, तर त्याच रकमेपर्यंत भरपाई मागता येते. स्पीड पोस्टमध्ये विम्याशिवाय पाकीट हरवले, तर भरपाई म्हणजे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातले जे कमी ते. हजारो रुपयांच्या पैठणीला त्याचा काय उपयोग? विमा एक लाखापर्यंत मिळतो. बिलाची प्रत आत ठेवा, एक स्वतःकडे. वर ‘साडी’ पुरेसे आहे, ‘पैठणी’ लिहून कुणाचे लक्ष वेधू नका. मात्र विम्याच्या कागदावर खरे वर्णन आणि खरी किंमत हवीच.

रजिस्टर पोस्ट बंद झाले म्हणतात. वकिलाची नोटीस पाठवायची आहे. (द्वारका)

वेगळे नाव गेले, सोय राहिली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरांपासून स्पीड पोस्टवर ‘रजिस्ट्रेशन’ वेगळे मागावे लागते, शुल्क ५ रुपये अधिक जीएसटी. ते घेतले तरच पाकीट ज्याच्या नावाचे त्याला किंवा त्याने नेमलेल्यालाच दिले जाते, नाहीतर पत्त्यावर कोणालाही. ओटीपी पाहून द्यायचे असेल तर आणखी ५ रुपये अधिक जीएसटी. काउंटरवर न मागता हे कोणी लावत नाही. पावतीवरचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो, शेवटी आयएन. पावती थर्मल कागदाची, काही महिन्यांत कोरी होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

‘तुमचे पार्सल गोदामात अडकले आहे, १२ तासांत पत्ता अपडेट करा’ असा मेसेज आणि लिंक. मग एकाने फोन करून काही आकडे डायल करायला सांगितले. (नाशिकरोड)

दोन्ही फसवणूक. टपाल खाते पत्ता दुरुस्त करायला लिंक पाठवून पैसे मागत नाही. खरा मेसेज दहा आकडी मोबाईलवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एस, टी, जी किंवा पी यांपैकी एक अक्षर असते, ही खूण दूरसंचार नियामक ट्रायने २०२५ मध्ये लावली. फोनवर डायल करायला सांगितलेले आकडे स्टार-२१-स्टार किंवा स्टार-४०१-स्टार असे सुरू होत असतील, तर तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात आणि बँकेचा ओटीपी कॉलवर मागवून तोच ऐकतो. डायल केलेच असेल तर लगेच हॅश-हॅश-००२-हॅश दाबा, सगळी वळवणी रद्द होतात. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, त्याच तासाला. दुसऱ्या दिवशी केलात तर पैसे चार खाती पुढे गेलेले असतात.

‘ऑर्डर चुकून पडली, रद्द करायला ओटीपी सांगा’ हा याचाच चुलतभाऊ. फोनवर ओटीपी सांगू नका.

परत पाठवलेला ड्रेस मुलगा घेऊन गेला, आता कंपनी म्हणते मिळाला नाही. (पाथर्डी फाटा)

पिकअपच्या वेळी मुलाच्या ॲपवर ‘पिक्ड अप’ दाबून तुम्हाला मेसेज येईपर्यंत पिशवी हातातून सोडायची नसते. आता करण्यासारखे : सोसायटीच्या कॅमेऱ्याचे चित्रण आजच मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस दिवसांत त्यावर नवे चढते. पिकअपचा कॉल कुठल्या नंबरवरून आला ते शोधा आणि या दोन्ही गोष्टी तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. पुढच्या वेळी पिशवीवर परतीचा क्रमांक मार्करने लिहा आणि मुलाच्या हातात असताना फोटो काढा. टॅग कापलेला असेल तर तो दारातच नाकारतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

सुला-बिला नव्हे, घरी बनवलेली द्राक्षाची वाइन भावाला कुरिअरने पाठवता येईल का? (पिंपळगाव बसवंत)

नाही. मद्य पार्सलने जात नाही, आणि परवान्याशिवाय घरी बनवणेही गुन्हा आहे. बेदाणे पाठवा.